संसदेचे डिजिटल ग्रंथालय: सुमित्रा महाजन यांची कारकीर्द त्यातून किती दिसते?

संसदेचे डिजिटल ग्रंथालय ही कोणाही नागरिकाला विनामूल्य आणि नावनोंदणीशिवाय वापरता येणारी सेवा आहे. पहिल्या लोकसभेपासूनच्या चर्चा, समित्यांचे अहवाल, राष्ट्रपतींची अभिभाषणे, अर्थसंकल्पाची आणि जुन्या रेल्वे अर्थसंकल्पाची भाषणे, संविधान सभेतील चर्चा, शिवाय इंग्रजी अमदानीतील केंद्रीय विधिमंडळाची इतिवृत्ते असा प्रचंड ऐवज तेथे आहे. अशा सेवेचे परीक्षण करायचे तर पानांची संख्या किंवा संकेतस्थळाची मांडणी पाहून भागत नाही. एखाद्या लोकप्रतिनिधीची संपूर्ण संसदीय कारकीर्द केवळ या दप्तराच्या आधारे उभी करता येते का, ही माझ्या मते खरी कसोटी आहे, आणि त्यासाठी मी सुमित्रा महाजन यांचे नाव निवडले.

या निवडीमागे कारण आहे. १९८९ ते २०१९ अशी सलग तीस वर्षे, भारतीय जनता पक्ष या एकाच पक्षाकडून आणि इंदूर या एकाच मतदारसंघातून, आठ निवडणुका जिंकून त्या लोकसभेत होत्या. या तीस वर्षांत त्यांनी सभागृहातील जवळजवळ प्रत्येक आसन पाहिले. नवव्या लोकसभेत त्यांचा पक्ष विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देत होता, दहाव्या लोकसभेत तो विरोधी बाकांवर होता, १९९८ पासून २००४ पर्यंत सत्ताधारी बाकांवर, त्यानंतरची दहा वर्षे पुन्हा विरोधात, आणि शेवटची पाच वर्षे त्या स्वतःच अध्यक्षांच्या आसनावर. साधा सदस्य, राज्यमंत्री, समितीच्या सभापती आणि लोकसभाध्यक्ष या चारही भूमिकांत एकच व्यक्ती कशी नोंदली जाते, हे पाहण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण आहे. शिवाय चिपळूणला जन्मलेली साठ्यांची मुलगी लग्नानंतर इंदूरला गेली आणि तेथून लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचली, याचे मराठी वाचकाला वेगळे अप्रूप असणारच. पहिले लोकसभाध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हेही महाराष्ट्राबाहेरून, अहमदाबादहून, निवडून आलेले मराठी गृहस्थ होते; शिवराज पाटील आणि मनोहर जोशी यांची नावे त्यानंतरची.

आरंभ सदस्य-परिचयापासून करावा. १२ एप्रिल १९४३ ही जन्मतारीख, एम.ए. आणि एलएल.बी. हे शिक्षण, १९८२ मध्ये इंदूर महापालिकेवर निवड, १९८४ मध्ये उपमहापौरपद आणि मग लोकसभेच्या आठ कालावधींची यादी असा तो आराखडा आहे. असल्या परिचयात पदे मिळतात, पराभव मिळत नाहीत. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत महाजन हरल्या होत्या, आणि त्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी प्रकाशचंद्र सेठी यांच्यासारख्या, मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद आणि केंद्राचे गृहमंत्रिपद भूषवलेल्या नेत्याचा इंदुरात पराभव केला. १९८५ चा पराभव बाजूला ठेवला तर १९८९ चा विजय किती अनपेक्षित होता हे कळत नाही. अर्थात ही तक्रार ग्रंथालयाविरुद्ध नव्हे. दप्तर सभागृहाचे आहे आणि सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीचे आयुष्य त्याच्या कक्षेत येत नाही.

नावाने शोध घेताना आडनावापाशी न थांबता पूर्ण नाव द्यावे. महाजन आडनावाचे सदस्य लोकसभेत अनेक झाले, आणि एका काळात तर दोन महाजन एकाच मंत्रालयात होते. २००२ च्या जुलैत सुमित्रा महाजन दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान खात्याच्या राज्यमंत्री झाल्या, तेव्हा त्या खात्याचे कॅबिनेट मंत्री प्रमोद महाजन होते. त्याआधी १९९९ पासून त्या मुरली मनोहर जोशी यांच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयात राज्यमंत्री होत्या, आणि २००३ च्या मे महिन्यापासून राम नाईक यांच्या पेट्रोलियम मंत्रालयात. राज्यमंत्रिपदाचा हा काळ दप्तरात भरगच्च दिसतो, कारण प्रश्नोत्तरांत आणि पटलावर ठेवलेल्या कागदांत राज्यमंत्र्याचे नाव सतत येते. परंतु ही उत्तरे खात्याच्या अधिकाऱ्यांनी तयार केलेली असतात, त्यांत माणूस क्वचितच सापडतो. वेळ कमी असेल तर ही पाने खुशाल ओलांडावीत.

माणूस सापडतो तो आधीच्या आणि नंतरच्या, विरोधी बाकांवरच्या वर्षांत. रेल्वे अर्थसंकल्प २०१६ पर्यंत स्वतंत्रपणे मांडला जात असे, आणि त्यावरची चर्चा म्हणजे प्रत्येक खासदाराने आपल्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे मांडण्याची हक्काची जागा होती. बड्या राजकीय चर्चांत नवख्या सदस्याला पक्षाकडून मिळणारी मिनिटे थोडी, मात्र रेल्वेवर बोलायला सर्वांनाच थोडीफार संधी मिळे. इंदूर हे व्यापारी शहर असूनही मुख्य लोहमार्गांपासून बाजूला पडलेले; गुजरातकडे नेणाऱ्या इंदूर-दाहोद मार्गाचे भूमिपूजन होण्यासाठी २००८ साल उजाडावे लागले, आणि महाराष्ट्राशी जोडणाऱ्या इंदूर-मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती थेट २०२४ मध्ये, म्हणजे महाजन सभागृहातून बाहेर पडल्यानंतर पाच वर्षांनी. खासदाराच्या तीस वर्षांचे मोजमाप 'किती आणले' या एकाच प्रश्नाने करणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. एकच मागणी सरकारे बदलली तरी मांडत राहणे हा खासदारकीचा फार मोठा आणि फार कंटाळवाणा भाग असतो, आणि तो पाहायला जुन्या रेल्वे चर्चांसारखी दुसरी जागा नाही.

या ग्रंथालयाचे सर्वांत मोलाचे दालन मात्र चर्चांचे नसून समित्यांच्या अहवालांचे आहे, आणि सर्वसाधारण वाचक तिकडे फिरकतच नाही. महाजन यांच्या बाबतीत दोन अहवाल वाचलेच पाहिजेत.

पहिला महिला आरक्षण विधेयकावरचा. १२ सप्टेंबर १९९६ रोजी देवेगौडा सरकारने ८१ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले आणि ते गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. गीता मुखर्जी स्वतः पश्चिम बंगालमधील पांसकुरा येथून सात वेळा निवडून आलेल्या, म्हणजे दीर्घकाळ निवडून येणाऱ्या दोन स्त्रिया येथे एकाच समितीत भेटतात. शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, नीतीश कुमार, ममता बॅनर्जी, मीरा कुमार, सुषमा स्वराज, उमा भारती आणि सुमित्रा महाजन अशी त्या समितीची सदस्यसूची आज वाचताना आश्चर्य वाटते. पुढच्या पंचवीस वर्षांच्या राजकारणातील किती माणसे एका टेबलाभोवती बसली होती! डिसेंबर १९९६ मध्ये अहवाल आला. विधेयक मात्र अनेकदा मांडले जाऊन, अडून, बारगळून अखेर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १०६ वी घटनादुरुस्ती म्हणून संमत झाले. संयुक्त समितीत बसलेल्या महाजन पुढे पाच वर्षे अध्यक्षपदी होत्या, त्यांच्या पक्षाला त्या काळात स्पष्ट बहुमत होते, २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी देशभरच्या महिला लोकप्रतिनिधींची परिषद दिल्लीत भरवली, आणि तरीही ते विधेयक सोळाव्या लोकसभेत मांडले गेले नाही. अध्यक्ष सभागृह चालवतो. सभागृहापुढे काय आणायचे हे सरकार ठरवते. हा भेद पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो. येथे तो तारखांतून उलगडतो.

दुसरा अहवाल ग्रामीण विकास स्थायी समितीचा, भूसंपादन विधेयकावरचा ३१ वा अहवाल. तत्कालीन ग्रामीण विकास मंत्री जयराम रमेश यांनी ७ सप्टेंबर २०११ रोजी मांडलेले विधेयक या समितीकडे आले तेव्हा महाजन तिच्या सभापती होत्या. १८९४ च्या कायद्याची जागा घेणारे हे विधेयक होते आणि त्यावर शेतकरी संघटनांपासून उद्योगांच्या प्रतिनिधींपर्यंत सर्वांचे लक्ष होते. मे २०१२ मध्ये सादर झालेला हा अहवाल माझ्या दृष्टीने महाजन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भक्कम काम आहे. खासगी कंपन्यांसाठी आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांसाठी सरकारने जमीन संपादनच करू नये, आणि रेल्वे, महामार्ग यांसारख्या ज्या कायद्यांना विधेयकाने बाहेर ठेवले होते त्यांपैकी बहुतेक कायदेही नव्या तरतुदींच्या कक्षेत आणावेत, अशा शिफारशी त्यात आहेत. सरकारने पहिली शिफारस जशीच्या तशी स्वीकारली नाही. खासगी प्रकल्पांना ८० टक्के आणि भागीदारी प्रकल्पांना ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट घातली आणि १ जानेवारी २०१४ पासून कायदा लागू झाला. दुसऱ्या शिफारशीतील पुष्कळसा आशय कायद्यात उतरला.

अहवालाच्या शेवटी जोडलेली बैठकांची इतिवृत्ते आणि भिन्नमतपत्रिका वगळू नयेत. कोण किती बैठकांना हजर होते, कोणत्या मंत्रालयाला किती वेळा बोलावले, कोणता सदस्य शेवटपर्यंत मान्य झाला नाही, हे सारे तेथे असते. साक्षींचा शब्दशः वृत्तान्त मात्र प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे सभापतीने कोणाला कोणता नेमका प्रश्न विचारला हे बहुधा कळत नाही. समितीच्या सभापतीचे कौशल्य निरनिराळ्या पक्षांच्या सदस्यांना एका मजकुरावर आणण्यात असते, आणि मजकूर एकमुखी झाला की ते कौशल्य त्यात विरघळून जाते. १९९३ पासून विभागीय स्थायी समित्या काम करीत आहेत. तरी वृत्तपत्रांत आजही खासदाराची ओळख भाषणांवरून ठरते, याचे एक कारण हे असावे.

यानंतर ६ जून २०१४. मीरा कुमार यांच्यानंतरच्या दुसऱ्या महिला लोकसभाध्यक्ष म्हणून महाजन यांची बिनविरोध निवड झाली, आणि त्या दिवसापासून दप्तरातील त्यांचे नाव जवळजवळ नाहीसे होते. सभागृहाच्या वृत्तान्तात अध्यक्षाचे नाव छापत नाहीत, 'माननीय अध्यक्ष' एवढेच छापतात. पंचवीस वर्षे ज्या नावाने शोध घेतला ते नाव अधिकाराच्या शिखरावर पोहोचताच पदनामात लोपते, आणि ज्या काळात त्या रोज, अक्षरशः प्रत्येक पानावर, बोलत होत्या त्या काळातील त्यांचे बोलणे नावाच्या शोधात सापडत नाही. येथे वाचकाने पद्धत बदलावी: नाव सोडून तारीख धरावी आणि त्या दिवसाचा पूर्ण वृत्तान्त उघडावा.

तारखाही ठाऊक असाव्या लागतात, म्हणून काही देतो. ३ ऑगस्ट २०१५: ललित मोदी आणि व्यापम (मध्य प्रदेशातील भरती व प्रवेश परीक्षांचा घोटाळा) या प्रकरणांवरून फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनासमोर उतरलेल्या काँग्रेसच्या ४४ पैकी २५ सदस्यांचे पाच दिवसांसाठी निलंबन. मार्च २०१८: तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेस यांच्या अविश्वास ठरावाच्या सूचना रोज येत राहिल्या, आणि सभागृह शांत नसल्याने ठरावाला अनुमोदन देणारे ५० सदस्य मोजता येत नाहीत असे सांगून अध्यक्ष रोज कामकाज तहकूब करीत राहिल्या. २० जुलै २०१८: अखेर त्याच विषयावर चर्चा, रात्री मतविभाजन, ठरावाच्या बाजूने १२६ आणि विरोधात ३२५ मते. जानेवारी २०१९: अण्णाद्रमुक आणि तेलुगू देसमच्या मिळून ४५ सदस्यांचे निलंबन. १३ फेब्रुवारी २०१९: सोळाव्या लोकसभेची शेवटची बैठक.

यांपैकी मार्च २०१८ ची पाने वाचणे हा विलक्षण अनुभव आहे. कंसातील 'व्यवधान' हा शब्द इतक्या वेळा येतो की खुद्द वाक्ये त्याच्या मध्ये अडकल्यासारखी दिसतात. गोंधळ घालणारे कोण, कोणत्या फलकावर काय लिहिले होते, कोण कोणाला काय म्हणाले, यातले फारसे काही उतरत नाही, कारण अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोललेले शब्द वृत्तान्तात घेतले जात नाहीत. अध्यक्षांचा प्रत्येक शब्द मात्र उतरतो. परिणामी त्यांचा बचाव करणाऱ्याला आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्याला एकाच पानावर आधार सापडतो: एकाला सदस्यांना वारंवार जागेवर बसायला सांगणाऱ्या, हतबल वाटणाऱ्या अध्यक्ष दिसतील, दुसऱ्याला असे दिसेल की गोंधळात इतर कामकाज उरकले गेले, अविश्वास ठराव मात्र त्याच गोंधळाचे कारण देऊन पुढे ढकलला गेला. माझा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे. २०१८ च्या जुलैत जी चर्चा सुरळीत पार पडली ती मार्चमध्ये होऊच शकली नसती, हे पटत नाही. तरीही केवळ वृत्तान्ताच्या आधारे हा निवाडा करता येत नाही, त्या दिवसांचे सभागृहातील चित्रण जोडीला पाहावे लागते.

अध्यक्षांचे काही अत्यंत परिणामकारक निर्णय तर चर्चेच्या वृत्तान्तात मुळातच मावत नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसला विरोधी पक्षनेतेपद नाकारले गेले. एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे ५५ सदस्य, हवेत ही प्रथा मावळंकरांच्या काळापासूनची आणि काँग्रेसकडे होते ४४. २०१६ मध्ये आधार विधेयक हे धन विधेयक, म्हणजे ज्यावर राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते असे विधेयक, असल्याचे प्रमाणपत्र अध्यक्षांनी दिले, त्यामुळे राज्यसभेने सुचवलेल्या पाच दुरुस्त्या नाकारणे लोकसभेला शक्य झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये बहुमताने ते ग्राह्य धरले, न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी भिन्न मत नोंदवले, आणि धन विधेयकाचा व्यापक प्रश्न पुढच्या वर्षी मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. एवढे सारे ज्या प्रमाणपत्रावर उभे आहे त्याची कारणे लिहून देण्याचे बंधन राज्यघटनेच्या ११० व्या अनुच्छेदात नाही. जे लिहिलेच जात नाही ते कोणतेही ग्रंथालय पुरवू शकणार नाही. पण अध्यक्षपदाचा अभ्यास करणाऱ्याने ही रिकामी जागा ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

आता भूसंपादनाकडे परत. नव्या सरकारने ३१ डिसेंबर २०१४ रोजी वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या आणि सामाजिक परिणाम-मूल्यांकनाच्या अटीतून सूट दिली, आणि त्याचे विधेयक १० मार्च २०१५ रोजी लोकसभेत मंजूर झाले. त्या दिवसाचा वृत्तान्त उघडला तर बोलणारे अनेक सदस्य आहेत, दुरुस्त्या आहेत, बहिष्कार आहेत; खासगी प्रकल्पांसाठी संपादनच नको असे तीनच वर्षांपूर्वी सांगणाऱ्या समितीच्या सभापती मात्र अध्यक्षपदी आहेत, आणि अध्यक्ष चर्चेत भाग घेत नाही, मतही समसमान मते पडली तरच देतो. त्यांना त्या दिवशी काय वाटत होते याचा तर्क मी करणार नाही. पण २०१२ चा अहवाल आणि २०१५ चा वृत्तान्त शेजारी ठेवले तर लोकसभाध्यक्षपद राजकारण्याकडून कोणती किंमत घेते हे जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही गौरवग्रंथात दिसणार नाही. पुढे ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि वटहुकूम ३१ ऑगस्ट २०१५ रोजी व्यपगत झाला.

ग्रंथालयाबाहेरची साधने कोणती वापरावीत? निवडणुकांसाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल अनिवार्य आहेत. २००९ मध्ये महाजन अवघ्या ११,४८० मतांनी जिंकल्या आणि २०१४ मध्ये ४,६६,९०१ मतांनी, हे दोन आकडे पाहिल्यावर 'इंदूर म्हणजे ताईंचा अभेद्य गड' ही समजूत थोडी सैल होते. हजेरी आणि प्रश्नसंख्येसाठी पीआरएस या संस्थेचे तक्ते लोकप्रिय आहेत, परंतु मंत्री आणि अध्यक्ष हजेरीपटावर सही करीत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. त्यामुळे महाजन यांच्या शेवटच्या पाच वर्षांसाठी ते तक्ते निरुपयोगी आहेत. आणि कारकिर्दीचा शेवट तर संसदेच्या कोणत्याच कागदात नाही. पक्ष इंदूरचा उमेदवार जाहीर करीत नव्हता, तेव्हा ५ एप्रिल २०१९ रोजी, शहाहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, महाजन यांनी पत्रक काढून आपण निवडणूक लढवणार नसल्याचे सांगितले आणि पक्षाने निःसंकोचपणे निर्णय घ्यावा असे सुचवले. ते वृत्तपत्रांत शोधावे. २०२१ मध्ये मिळालेला पद्मभूषणही तसाच दप्तराबाहेरचा.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. सभागृहात एखादा सदस्य मराठीतून बोलला, तर छापील वृत्तान्तात त्या भाषणाचा इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद येतो आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची टीप असते. मूळ मराठी शब्द छापले जात नाहीत. महाजन यांच्याबाबत ही अडचण फारशी नाही, कारण त्या मुख्यतः हिंदीतून बोलत आणि ती हिंदी जशीच्या तशी वाचायला मिळते. महाराष्ट्रातील खासदारांच्या मराठी भाषणांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला मात्र ध्वनिचित्रफितींवर अवलंबून राहावे लागते, आणि जुन्या काळापुरता तो मार्गही बंद आहे.

राज्यशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार आणि आपल्या खासदाराविषयी ऐकीव माहितीपलीकडे जाऊ इच्छिणारा मतदार या तिघांनाही ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. झटपट चरित्र हवे असणाऱ्याची येथे निराशा होईल. नव्याने येणाऱ्याने समित्यांच्या अहवालांपासून सुरुवात करावी, त्यानंतर रेल्वे अर्थसंकल्पावरची एखादी चर्चा वाचावी, आणि अध्यक्षपदाच्या वर्षांसाठी वर दिलेल्या तारखा हाताशी ठेवून बसावे. नावाच्या शोधावर विसंबल्यास सुमित्रा महाजन २०१४ मध्ये गप्प झाल्या असा चुकीचा समज होईल.